आग दारूला लागत नाही, वाफेला लागते

गोंदिया जिल्ह्यातल्या एका मुलाचा प्रश्न आहे. बी.एस्सी. करून तो नुकताच धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यात ट्रेनी ऑपरेटर म्हणून लागलाय. तो लिहितो: "काका, आमच्या टोल्यावर आजोबांच्या काळापासून मोहाची भट्टी पाहत आलो. तिथे कधी आग लागली नाही. इथे मात्र गेटवर माचीस काढून घेतात, मोबाइल ठेवून घेतात, टेरिकॉटचा शर्ट घातला तर परत पाठवतात. एवढी भीती खरी आहे का? आग लागलीच तर मी काय करायचं? आणि माझा चुलतभाऊ व्हिडिओ पाहून कुकरला नळी लावून घरीच गाळायचं म्हणतोय, त्याला काय सांगू?"

बाळा, मी विदर्भातल्या डिस्टिलऱ्यांमध्ये २७ वर्षं काढली. आधी मळीवर चालणाऱ्या, नंतर तांदळाच्या कणीवर चालणाऱ्या. तुझ्यासारखाच ट्रेनी म्हणून लागलो आणि शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. पहिल्या आठवड्यात माझ्याही मनात हेच आलं होतं, कारण माझंही लहानपण मोहाच्या झाडांखालीच गेलं. म्हणून आधी आजोबांच्या भट्टीचंच बोलू. ते समजलं की कारखान्याचे निम्मे नियम आपोआप समजतील.

पातेल्यातलं द्रव स्वतः जळत नाही. त्याच्या पृष्ठभागावरून वर येणारी वाफ हवेत मिसळते आणि ते मिश्रण पेट घेतं. अल्कोहोलच्या बाबतीत हवेत वाफेचं प्रमाण ३.३ टक्के ते १९ टक्के यांच्या मध्ये असलं की ठिणगी पुरते. त्याखाली वाफ अपुरी पडते, त्यावर हवा अपुरी पडते. आता द्रवातून एवढी वाफ कोणत्या तापमानाला निघायला लागते? त्या तापमानाला आम्ही फ्लॅश पॉइंट म्हणतो. शुद्ध अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश सेल्सिअस. पाणी मिसळत गेलं की तो वर सरकतो: ४० टक्क्यांच्या दारूचा सुमारे २६ अंश, २० टक्क्यांचा ३६, १० टक्क्यांचा ४९.

हे आकडे थंड देशातल्या माणसाने वाचले तर त्याला थोडा दिलासा मिळतो. त्याच्या खोलीत १८-२० अंश असतात, म्हणजे ४० टक्क्यांची बाटली सांडली तरी ती सहज पेटत नाही. आपल्याकडे काय आहे? चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६-४७ ला जातो. मोहफूल पडतं मार्च-एप्रिलमध्ये आणि भट्ट्या लागतात त्याच दिवसांत. त्या उन्हात सावलीत ठेवलेली २० टक्क्यांची दारूसुद्धा फ्लॅश पॉइंटच्या वर असते. लोखंडी ड्रम उन्हात असेल तर १० टक्क्यांच्या सडव्याचाही, म्हणजे गाळण्याआधीच्या आंबवलेल्या मालाचाही, भरवसा नाही. पहिल्या धारेची तर गोष्टच वेगळी. ती निम्म्याहून जास्त अल्कोहोल असते आणि नळीतून कोमट पडते. म्हणजे आपल्या भागात उघड्या भांड्यातली दारू आठ महिने पेटण्याच्या तयारीत असते. ठिणगी आली नाही म्हणून ती वाचते, एवढंच.

मग आजोबा कसे वाचले? भट्टी नाल्याच्या काठावर, उघड्या आभाळाखाली होती. वारा होता, वाफ साचायला जागा नव्हती. मडकं छोटं, माल दोन-चार बाटल्यांचा. वाफ थंड करणाऱ्या वरच्या भांड्यातलं पाणी तापलं की कोणीतरी ते बदलत बसलेलं असायचं, भट्टी सोडून उठायचं नाही हा नियमच होता. भांड्यांच्या सांध्यावरचा मातीचा लेप कच्चा होता, दाब वाढला तर लेपच आधी फुटायचा, मडकं नाही. आजोबांनी हे शास्त्र पुस्तकात वाचलं नव्हतं, पण पद्धतीत ते होतं.

यातली एकेक गोष्ट आज निघून गेलीय. हातभट्टी पोलिसांच्या भीतीने घरात, गोठ्यात, कुडाच्या खोलीत शिरली. मातीच्या मडक्याच्या जागी लोखंडी पिंप आलं, लेपाच्या जागी घट्ट बसवलेलं झाकण, बांबूच्या जागी प्लास्टिकची नळी. ती नळी गरम वाफेने मऊ होऊन घसरते. काम रात्री, चिमणीच्या किंवा मोबाइलच्या उजेडात. शेजारी तणसाचा ढीग, पऱ्हाट्यांचं कुंपण. ज्या दोन गोष्टींनी आजोबांना वाचवलं, उघडं आभाळ आणि थोडा माल, त्याच आता नाहीत. तुझ्या टोल्यावर आजवर आग लागली नाही म्हणतोस, पण ती भट्टी आणि आजची भट्टी एक नाही.

वाफेबद्दल आणखी दोन गोष्टी मनात पक्क्या कर. पहिली म्हणजे ती हवेपेक्षा सुमारे १.६ पट जड आहे. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते, नालीत उतरते, उंबरठ्याखालून पलीकडच्या खोलीत जाते आणि तिथल्या चुलीपर्यंत पोहोचते. आग चुलीपाशी लागते आणि वाफेच्या वाटेने उलटी धावत भांड्यापर्यंत येते. लोकांना वाटतं भांडंच फुटलं. दुसरी म्हणजे थोड्या द्रवाची वाफ खूप होते. एक लिटर अल्कोहोल पूर्ण उडालं तर सुमारे ४२० लिटर वाफ होते. आठ बाय आठ फुटांची, सात फूट उंच खोली पेट घेण्याच्या पातळीला आणायला ती पुरते. प्रत्यक्षात ती सारखी मिसळत नाही, तळाशी साचते, म्हणजे त्याहून कमी मालातही घोट्याएवढ्या उंचीवर धोका तयार असतो.

प्रशिक्षणात मी एक प्रयोग दाखवायचो. एप्रिलच्या दुपारी बारा वाजता मोकळ्या अंगणात, आजूबाजूला काही नाही, बाजूला पावडरचा सिलिंडर आणि भिजवलेलं गोणपाट. स्टीलच्या ताटलीत दोन चमचे रेक्टिफाइड स्पिरीट, म्हणजे ९५ टक्क्यांच्या आसपासचं अल्कोहोल. लांब काडीने ते पेटवायचं आणि मुलांना विचारायचं, "पेटलं का?" निम्मी मुलं म्हणायची, "नाही जी, विझलं." मग झाडूची एक काडी ताटलीवर धरायची. काडीचं टोक काळं पडायचं, वाकायचं आणि पेटायचं. ताटलीवर मात्र काही दिसायचं नाही, फक्त पलीकडची भिंत पाण्यात पाहिल्यासारखी हलायची. अल्कोहोलची ज्योत फिकट निळी असते आणि भर उन्हात ती दिसतच नाही. धूरही नसतो. म्हणून प्लांटमध्ये गळतीच्या ठिकाणी हवा थरथरताना दिसली की पाय पुढे टाकायचा नाही. लांब झाडू पुढे धरून बघायचं. हा प्रयोग तू स्वतः करून पाहू नकोस. तुझ्या सेफ्टी ऑफिसरला सांग, तो दाखवेल.

आता कारखान्याचं. तुला वाटतंय की माचीस हा मुख्य मुद्दा आहे. माचीस काढून घेणं सोपं आहे म्हणून ते गेटवर होतं. खरं काम आत असतं, आणि ते म्हणजे वाफ बाहेर येऊ न देणं. ऊर्ध्वपातनात आपण मुद्दाम, टनांच्या हिशेबात, अल्कोहोलची वाफ बनवतो. कंडेन्सर तिचं परत द्रव करतो. तो एक दुवा तुटला की तीच वाफ व्हेंटमधून, म्हणजे वरच्या मोकळ्या नळीतून, थेट बाहेर येते. आणि पाण्याच्या तुलनेत अल्कोहोलची वाफ फार स्वस्तात होते. एक किलो पाण्याची वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात, अल्कोहोलला ८४६. म्हणजे जेवढ्या आचेत एक किलो पाणी उडतं, तेवढ्यात अडीच किलोपेक्षा जास्त अल्कोहोल उडतं. त्यामुळे कंडेन्सरचं पाणी थांबल्यावर तुझ्याकडे फार मिनिटं नसतात.

माझ्या आयुष्यातली सगळ्यात वाईट दुपार अशीच आली. मे महिना, साडेतीनचा सुमार. बाहेरच्या फीडरवर लाइन ट्रिप झाली. कंडेन्सरला पाणी देणारा कूलिंग टॉवरचा पंप बसला. जनरेटर सुरू व्हायला हवा होता तेवढ्यात झाला नाही. बॉयलरमध्ये प्रेशर होतंच, त्यामुळे स्टीम कॉलमला, म्हणजे जिथे माल उकळतो त्या उंच नळकांड्याला, जातच राहिली. ऑपरेटर नवा होता. तो पंप पुन्हा सुरू करायला पॅनेलकडे धावला. मी वरच्या मजल्यावर होतो आणि मला वास आला, गोडसर, नाकात चढणारा. व्हेंट उंचावर असूनही वास खाली येत होता, कारण ती वाफ वर जात नव्हती, भिंतीवरून खाली घसरत होती. आणि पलीकडच्या शेडमध्ये कंत्राटदाराची माणसं पाइप वेल्डिंग करत होती.

मी स्टीम व्हॉल्व्हकडे धावलो, आणि आमच्या फिटरने ओरडत जाऊन वेल्डिंगची केबल ओढून काढली. स्टीम बंद झाली, वाफ थांबली, वाऱ्याने उरलेली पांगली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. वेल्डिंगचा परवाना सकाळी दिला होता, तेव्हा हवा स्वच्छ होती, गॅस डिटेक्टरचं रीडिंग शून्य होतं. दुपारी परिस्थिती बदलली तेव्हा परवाना मात्र तोच होता. त्या दिवसापासून मी माझ्या शिफ्टला एकच वाक्य शिकवलं: काहीही बिघडलं की आधी स्टीम, मग बाकीचं. पंप नंतर बघता येतो, पॅनेल नंतर बघता येतं, उत्पादन तर नंतर बघताच येतं. आणि वेल्डिंग असेल तोवर एक माणूस डिटेक्टर हातात घेऊन तिथेच उभा राहील, दुसरं काही करणार नाही.

नाकावर विसंबू नकोस. अल्कोहोलचा वास धोक्याच्या पातळीच्या कितीतरी खाली असताना येतो, हे चांगलं आहे. पण अर्ध्या तासात नाक मरतं. जुना माणूस म्हणतो, "वास तर रोजचाच आहे," आणि त्यालाच कळत नाही की आज तो जास्त आहे.

टेरिकॉटच्या शर्टाचं कारण स्थिर वीज. आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की अंगातून शर्ट काढताना चटचट आवाज येतो, अंधारात ठिणग्या दिसतात. तीच ती ठिणगी. शिवाय सिंथेटिक कापड जळताना वितळतं आणि कातडीला चिकटतं. सुती कापड निदान ओढून काढता येतं. पण स्थिर विजेचा खरा धोका शर्टापेक्षा माल भरण्यात आहे. अल्कोहोल स्वतः वीज बऱ्यापैकी वाहून नेतं, म्हणून टाकी, पाइप आणि टँकर तांब्याच्या पट्टीने एकमेकांना आणि जमिनीला जोडलेले असतील तर साठलेला भार निघून जातो. जोडणी नसेल, किंवा प्लास्टिकच्या ड्रममध्ये उंचावरून धार सोडली असेल, तर भार जाणार कुठे? म्हणून आधी अर्थिंगची क्लिप, मग नळी, आणि नळी ड्रमच्या तळापर्यंत. पाइपचं तोंड बुडेपर्यंत हळू भरायचं. क्लिप रंगावर किंवा गंजावर लावली तर ती फक्त दाखवायला लावलेली असते. घासून, खालचा उघडा धातू दिसल्यावरच लाव.

मोबाइलबद्दल फार बोलत नाही. साधा फोन फ्लेमप्रूफ, म्हणजे आतली ठिणगी बाहेरच्या वाफेला लागू न देणारा, नसतो, म्हणून आत नको. तेवढं पुरे.

रिकाम्या ड्रमबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तो धोका कारखान्याच्या भिंतीबाहेर गावापर्यंत येतो. पेट्रोलच्या बंद टाकीत वरच्या पोकळीत वाफ इतकी दाट असते की बहुतेक वेळा ती पेट घेण्याच्या वरच्या मर्यादेपलीकडे जाते. स्पिरीटचं तसं नाही. द्रव सुमारे १३ ते ४२ अंशांच्या दरम्यान असेल तर टाकीतली पोकळी नेमकी पेटण्याच्या पट्ट्यात येते. म्हणजे आपल्याकडे हिवाळ्याची दुपार, पावसाळ्याचा दिवस, उन्हाळ्याची पहाट, सगळं त्यातच. म्हणून साठवण टाकीच्या श्वासनळीला फ्लेम अरेस्टर लावतात. बारीक धातूच्या जाळ्यांमधून जाताना ज्योत थंड होऊन मरते. हम्फ्री डेव्हीने १८१५ साली खाणकामगारांच्या दिव्याला जाळी लावली ती याच तत्त्वावर. आपल्या वणी-चंद्रपूरच्या कोळसा पट्ट्यातल्या जुन्या माणसांना तो दिवा माहीत असतो. ती जाळी धूळ आणि कोंड्याने भरते, तेव्हा कोणीतरी ती काढून बाजूला ठेवतो आणि परत लावायचं विसरतो. तुझ्या ड्यूटीत ती जागेवर आहे का, स्वच्छ आहे का, हे स्वतः वर चढून बघ.

आणि गावात काय होतं? भंगारात गेलेला स्पिरीटचा ड्रम कोणीतरी घेतो, पाण्याच्या टाकीसाठी त्याचं झाकण कापायला वेल्डिंगच्या दुकानात नेतो. आत कपभर द्रव राहिलेलं असतं, किंवा तेही नसतं, फक्त वाफ. ग्राइंडरची पहिली ठिणगी आत गेली की झाकण उडतं. भरलेल्या ड्रमपेक्षा हा जास्त घातक. आधी काठोकाठ पाणी भरून ते ओतून देणं, पुन्हा भरणं, आणि कापायचंच असेल तर जेवढा भाग कापायचा तेवढाच सोडून बाकी पाण्याने भरलेला ठेवणं, हे वेल्डिंगवाल्याला माहीत हवं. मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या प्रत्येक वेल्डिंगवाल्याला हे जाऊन सांगून आलोय. तूही सांग.

आग लागली तर काय करायचं? आधी ओरड. लाजू नकोस. मग पुरवठा तोड: स्टीम, पंप, व्हॉल्व्ह, जे हाताशी सुरक्षित असेल ते. वाहत्या गळतीवर पेटलेली आग विझवून गळती तशीच ठेवली, तर वाफ साचते आणि दुसऱ्यांदा पेटते तेव्हा स्फोट होतो. म्हणून आधी गळती, मग ज्योत.

अल्कोहोल पाण्यात मिसळतं, म्हणून पाणी मारलं की विझेल असं लोकांना वाटतं. जमिनीवर सांडलेल्या तांब्याभर स्पिरीटवर ते खरंही आहे. पण ९५ टक्क्यांचा माल २० टक्क्यांवर आणायला त्याच्या जवळपास चौपट पाणी लागतं, आणि गरम झालेलं २० टक्क्यांचं द्रवही जळतंच. टाकीत एवढं पाणी ओतलं तर टाकी भरून जळता माल बाहेर वाहतो. जोरदार फवाऱ्याने मारलं तर जळता माल उडून तुझ्याच अंगावर येतो. म्हणून लहान आगीला कोरड्या पावडरचा सिलिंडर किंवा कार्बन डायऑक्साइड. वारा पाठीशी घे, पिन ओढ, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धर, शेंड्याशी नाही. भांड्यातली आग असेल तर झाकण ठेव किंवा ओलं गोणपाट हळूच सरकवून टाक, आपटू नकोस. मोठ्या आगीला अल्कोहोल-रोधक फोमच लागतो. साधा फोम अल्कोहोलमध्ये फुटून विरतो. तुझ्या स्टोअरमधल्या कॅनवर काय लिहिलंय ते आजच वाच. पाण्याचा फवारा वाया नाही, पण तो शेजारच्या टाक्या थंड ठेवायला. टाक्यांभोवतीचा बांध सगळ्यात मोठ्या टाकीच्या ११० टक्के माल मावेल एवढा ठेवतात, तोही याचसाठी, की जळता माल कारखान्यात फिरू नये. त्या बांधातल्या पाणी सोडायच्या व्हॉल्व्हला पावसाळ्यात उघडतात आणि उघडाच ठेवतात. तो बंद असायला हवा.

आणि एक सिलिंडर संपला तरी आग जिवंत असेल, तर मागे फिर. हे भित्रेपण नव्हे. ग्लासगो शहरात २८ मार्च १९६० रोजी चीपसाइड स्ट्रीटवरच्या व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली. आत वाफ साचून स्फोट झाला, भिंती रस्त्यावर कोसळल्या आणि अग्निशमन व बचाव दलाचे १९ जण गेले. शिकलेली, सरावलेली माणसं होती ती. डब्लिनमध्ये १८७५ साली गोदामातली व्हिस्की पेटून रस्त्यांवरून वाहिली. त्या आगीत १३ जण गेले, पण जळून कोणीच नाही. रस्त्यावर वाहणारी दारू पिऊन गेले. गावात टँकर उलटला की बादल्या घेऊन धावणाऱ्यांना हे सांगायला हवं. इंधनाच्या इथेनॉलमध्ये ते पिण्यालायक राहू नये म्हणून इतर द्रव्यं घातलेली असतात. बादली घेऊन उभा असलेला माणूस विषही घेतोय आणि पेटत्या वाफेच्या मधोमधही उभा आहे.

अंगावर पेट घेतला तर पळू नका. जमिनीवर लोळा, घोंगडीत गुंडाळा. नंतर जळलेल्या भागावर नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगठ्या-बांगड्या सूज येण्याआधी काढा, चिकटलेलं कापड ओढू नका, स्वच्छ कापडाने सैल झाका आणि १०८ ला फोन करा. आगीसाठी १०१ किंवा ११२. आमच्या कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीत एकदा शेजारच्या टोल्यावरची एक बाई आणली होती. भट्टीचा डबा चुलीपासून हातभर अंतरावर होता, तिने तो उचलायला पदर वापरला आणि नायलॉनच्या साडीने पेट घेतला. घरच्यांनी तासभर हळद आणि तेल लावत बसवलं होतं, पोलीस येतील या भीतीने दवाखान्यात न्यायला उशीर केला. तिचे हात वाचले, बोटं पूर्ण सरळ झाली नाहीत. जळालेल्या माणसाला आधी दवाखाना. पोलीस नंतर.

राहिला चुलतभाऊ. त्याला पहिली गोष्ट ही सांग की महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, घरच्यासाठी असलं तरी. गडचिरोली आणि वर्धा तर पूर्ण दारूबंदीचे जिल्हे आहेत. पण तो कायद्याने ऐकणार नसेल तर कुकर कसा असतो ते त्याला दाखव. शिट्टी काढून तिथे नळी लावतात. ते भोक किती मोठं? काडेपेटीच्या काडीएवढं. मोहाच्या फुलाचा चोथा उकळताना फेसाळतो, वर चढतो आणि ते भोक बुजवतो. आता बंद डबा आणि खाली गॅस. शेवटी सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो आणि अल्कोहोलच्या वाफेचा फवारा बाहेर पडतो, गॅसच्या ज्योतीपासून वीतभर अंतरावर, बंद स्वयंपाकघरात. भोक बुजलं नाही तरी थंड करायचं पाणी तापलं की वाफ नळीच्या टोकातून ओट्यावर येते, खाली घसरते आणि गॅसपाशी पोहोचते. नळीचं टोक मालात बुडवून ठेवलं आणि गॅस बंद केला, तर कुकर थंड होताना थंड माल उलटा गरम कुकरमध्ये ओढला जातो. यातली एकही गोष्ट व्हिडिओत दाखवत नाहीत. व्हिडिओ यशस्वी झालेल्या दिवसाचा असतो. घरात लहान मुलं असतील तर त्यांचीही आठवण त्याला करून दे.

मोहफुलांच्या दिवसांत एक गोष्ट टोल्यावरच्या सगळ्यांनाच सांग. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात आणि जंगलं जळतात. त्याच पाल्यात नाल्याकाठी भट्टी असते. पाला झाडून बाजूला करा, झाडाखाली जुनं लुगडं किंवा जाळी अंथरा. फुलं स्वच्छ मिळतात, भावही बरा मिळतो.

तुझ्यासाठी उद्याचं काम एवढंच. ड्यूटीवर गेलास की कॉलमच्या मुख्य स्टीम व्हॉल्व्हपाशी जा. शिफ्ट इन्चार्जला विचारून, प्लांट बंद असताना, तो व्हॉल्व्ह हाताने पूर्ण बंद करायला किती फेरे लागतात ते मोज. आमच्याकडे १७ होते. कोणत्या दिशेला फिरतो, किती जड आहे, पाना लागतो का आणि तो पाना कुठे टांगलाय, हे अंधारात, घाबरलेला असतानाही तुझ्या हाताला सापडलं पाहिजे. पाना जागेवर नसेल तर त्याच दिवशी साखळीने बांधून घे.